गाळातला आकडा वाचायचा कसा? गोव्याच्या मांडवी-जुवारी नद्यांच्या चिखलाबद्दल थोडं सविस्तर

नदीच्या मुखाशी काही बांधायचं, खोदायचं किंवा पात्र खोल करायचं ठरलं की पर्यावरण अहवाल येतो. त्याच्या मागच्या पानांत गाळातल्या धातूंचा एक तक्ता असतो. लोखंड इतकं, मँगनीज इतकं, क्रोमियम, निकेल, शिसं, जस्त इतकं. एक बाजू म्हणते, आकडे मर्यादेत आहेत. दुसरी म्हणते, हे विष आहे. २०१७ साली मुरगाव बंदराच्या विस्तारावर वास्कोत कित्येक दिवस जनसुनावण्या चालल्या, तेव्हापासून असे तक्ते गोव्यातल्या सामान्य माणसांच्याही हातात येऊ लागले. पण ते वाचायचे कसे, हे कुणी समजावून सांगत नाही. म्हणून हा लेख.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. त्या तक्त्यातला आकडा एकटा काहीही सिद्ध करत नाही, ना प्रदूषण, ना स्वच्छता. तो कोणत्या जाडीच्या कणांत मोजला, कशाशी ताडून पाहिला, धातू तिथे कोणत्या रूपात आहे आणि त्या चिखलातले जीव कसे आहेत, हे कळलं तरच त्याला अर्थ येतो. गोव्यात तर हे जास्तच खरं, कारण इथली मातीच लोखंडाची आहे.

पाणी सोडून चिखल का तपासायचा?

खाडीतलं पाणी सकाळी एक असतं आणि दुपारी दुसरं. दर सहा तासांनी भरती-ओहोटी ते बदलून टाकते. शिवाय शिसं, जस्त, तांबं यांसारखे धातू पाण्यात फार काळ विरघळलेले राहत नाहीत. ते मातीच्या बारीक कणांना चिकटतात आणि कणांबरोबर तळाशी जातात. त्यामुळे पाण्याचा नमुना त्या घटकेचं सांगतो, गाळ गेल्या कित्येक वर्षांचं सांगतो.

हा गाळ नेमका नदीच्या मुखाजवळच का बसतो, त्याला कारण आहे. गोड्या पाण्यात चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. ते एकमेकांना दूर लोटतात आणि तरंगत राहतात. खारं पाणी भेटलं की त्यातले क्षार हा भार निष्प्रभ करतात, कण एकमेकांना बिलगतात, त्यांचे पुंजके होतात आणि ते जड होऊन खाली बसतात. लाटांचा मारा नसेल तिथे ते बसूनच राहतात. मिरामारच्या किनाऱ्यावर बारीक माती टिकत नाही, लाटा ती उचलून नेतात, मागे रेती उरते. पण चिखलीचा उपसागर, चोडणची खारफुटी, कुंभारजुवेचा कालवा, मुरगाव बंदरातली ब्रेकवॉटरच्या (लाटा अडवणाऱ्या बांधाच्या) आतली बाजू, खाजनांच्या, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या जमिनींच्या, मानशीलगतचं (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारालगतचं) पाणी, या सगळ्या आडोशाच्या जागा. तिथे आलेला बारीक कण सहसा परत जात नाही, आणि त्याला चिकटून आलेलंही जात नाही.

अर्थात आडोसा म्हणजे बंद डबा नव्हे. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्या चार महिन्यांत मांडवी-जुवारी गढूळ पाण्याचे लोट समुद्रात टाकतात, तळाचा काही गाळ उपसला जातो, काही भरतीबरोबर परत येतो. उन्हाळ्यात उलट, खारं पाणी नदीत कितीतरी आत शिरतं. म्हणून मे महिन्यातला नमुना आणि ऑक्टोबरमधला नमुना एकच गोष्ट सांगतील असं धरता येत नाही. एकाच ऋतूत एकदाच गोळा केलेल्या नमुन्यांवर वर्षभराचा निष्कर्ष काढलेला दिसला, तर त्या अहवालावर माझा विश्वास बसत नाही.

इथल्या गाळात येतं काय काय

पहिली अर्थातच खाण. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांतलं लोह खनिज ट्रकांनी नदीकाठच्या धक्क्यांवर आणि तिथून बार्जांनी, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू होड्यांनी, मुरगावला जायचं. पावसाळ्यात मांडवीच्या तोंडाशी आग्वादजवळचा वाळूचा दांडा धोकादायक झाला की मांडवीतले बार्ज कुंभारजुवेच्या कालव्यातून जुवारीत उतरायचे. म्हणजे एरवी शांत असलेला हा अरुंद कालवाही या वाहतुकीतून सुटला नाही. १९५० च्या दशकापासून वाढत गेलेली निर्यात २०१०-११ मध्ये वर्षाला पाच कोटी टनांच्या वर पोचली होती. एक टन खनिजामागे साधारण अडीच-तीन टन टाकाऊ माती निघते. ती डोंगरासारखी रचून ठेवलेली, आणि वर गोव्याचा पाऊस. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे मर्यादेत सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. या तारखा लक्षात ठेवायच्या, पुढे उपयोगी पडतील.

त्याखेरीज बंदरातला कोळसा, नदीकाठच्या बार्ज-दुरुस्तीच्या जागा, शहरांचं सांडपाणी, होड्यांचं तेल. आणि एक गोष्ट, जी धातूंच्या नेहमीच्या तक्त्यात दिसतच नाही. जहाजाच्या तळाला शिंपले, कालवं चिकटू नयेत म्हणून पूर्वी ट्रायब्युटिल-टिन हे कथिलाचं संयुग घातलेला रंग लावत. लिटरभर पाण्यात काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश, एवढंही ते काही समुद्री शंखांना पुरतं: माद्यांना नराचं जननेंद्रिय फुटू लागतं आणि पुढे प्रजननच थांबतं. आंतरराष्ट्रीय कराराने २००८ पासून जहाजांवर त्याला बंदी आहे. पण प्राणवायू नसलेल्या चिखलात ते वर्षानुवर्षं टिकतं. प्रयोगशाळेने फक्त एकूण कथिल मोजलं तर हा धोका हाती लागत नाही, कारण खनिजातलं कथिल आणि हे संयुग त्या आकड्यात एकच होऊन जातात. बंदर आणि जहाज-दुरुस्ती असलेल्या जागेच्या अहवालात ट्रायब्युटिल-टिन वेगळं मोजलेलं नसेल, तर एक मोठं दार उघडंच राहिलं असं समजा.

रेती आणि चिखल एका मापाने मोजू नयेत

खोबऱ्याच्या वाटीला हळद चोळा आणि तेवढ्याच खोबऱ्याच्या किसाला चोळा. किसाला कितीतरी जास्त लागेल. कण जितका बारीक तितका त्याचा एकूण पृष्ठभाग जास्त, आणि धातू पृष्ठभागालाच चिकटतात. शास्त्रज्ञ ६३ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणी वापरतात. तिच्यावर राहते ती रेती, खाली पडतो तो बारीक गाळ. दोन्ही ठिकाणी प्रदूषण सारखंच असलं तरी चिखलाचा आकडा रेतीपेक्षा आपोआप मोठा येतो.

यावर उपाय दोन. एकतर ६३ मायक्रॉनखालचाच गाळ घेऊन मोजायचा, किंवा प्रत्येक धातूचं ॲल्युमिनियमशी प्रमाण काढायचं. ॲल्युमिनियमच का? चिकणमातीच्या खनिजांत ते मूळचंच भरपूर असतं आणि माणसाच्या कारभाराने गाळातलं त्याचं प्रमाण सहसा फारसं हलत नाही. म्हणून नमुन्यात चिकणमाती किती आहे, हे त्यावरून कळतं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका रेताड जागी किलोमागे ६० मिलिग्रॅम जस्त आणि २ टक्के ॲल्युमिनियम. दुसऱ्या चिखलाच्या जागी १२० मिलिग्रॅम जस्त आणि ८ टक्के ॲल्युमिनियम. तक्ता बघणारा म्हणेल, दुसरी जागा दुप्पट घाण. आता प्रमाण काढा: पहिल्या जागी एका टक्क्याला ३०, दुसऱ्या जागी १५. निसर्गातल्या सरासरी चिकणमातीच्या खडकात हे प्रमाण सुमारे १२ असतं. म्हणजे रेताड जागी जस्त नैसर्गिक पातळीच्या अडीचपट आहे, चिखलाच्या जागी सव्वापट. छोटा आकडा असलेली जागाच जास्त बाधित निघाली! या अडीच आणि सव्वाला अहवालात समृद्धी गुणांक म्हणतात.

कशाशी ताडायचं, हा खरा वाद

वर ‘सरासरी खडक’ म्हटलं, ते कुठून आलं? १९६१ साली तुरेकियन आणि वेडेपोल या दोन भूरसायनशास्त्रज्ञांनी जगभरच्या खडकांतल्या मूलद्रव्यांची सरासरी मांडली. त्यातले शेल नावाच्या चिकणमातीच्या खडकाचे आकडे आजही सर्रास वापरले जातात: किलोमागे मँगनीज ८५० मिलिग्रॅम, जस्त ९५, क्रोमियम ९०, निकेल ६८, शिसं २०, आणि लोखंड ४.७२ टक्के. जगाच्या सरासरीसाठी ठीक. पण सांगे-सत्तरीतून वाहत आलेली जांभ्याची लाल माती ही जगाची सरासरी नाही. जांभा तयारच होतो तो पावसाने बाकीचं धुऊन नेऊन लोखंड, ॲल्युमिनियम मागे ठेवल्यामुळे, आणि मँगनीज, क्रोमियमसारखे धातूही या लोखंडाच्या संगतीने साचतात. एकही खाण नसती तरी इथल्या गाळात हे धातू शेलपेक्षा जास्त सापडले असते. जांभ्यात ॲल्युमिनियमही मूळचंच जास्त, म्हणजे वर सांगितलेलं प्रमाणसुद्धा इथल्याच मातीशी ताडून बघावं लागतं.

याचा परिणाम केवढा होतो तो पाहा. म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने १९६९ साली मांडलेला भूसंचय निर्देशांक बहुतेक अहवालांत असतो. मोजलेलं प्रमाण घ्या, नैसर्गिक पातळीच्या दीडपटीने भागा, आणि एकाचं किती वेळा दुप्पट केलं की ते उत्तर येतं, ते मोजा. शून्य किंवा त्याखाली आलं तर प्रदूषण नाही. दर एक अंकाला दुप्पट वाढ. समजा मँगनीज २,५५० आलं. शेलचे ८५० धरले तर निर्देशांक १, म्हणजे प्रदूषण आहे. आता समजा स्थानिक नैसर्गिक पातळी १,७०० आहे असं दाखवता आलं. त्याच नमुन्याचा निर्देशांक शून्य. चिखल तोच, प्रयोगशाळा तीच, निष्कर्ष उलटा. म्हणून अहवाल हातात आला की मी आधी शोधतो ते हे: नैसर्गिक पातळी म्हणून काय धरलं आणि का?

दुसरी पट्टी नोआ या अमेरिकेच्या सागर-हवामान संस्थेची. त्यांनी गाळामुळे जीवांना इजा झाल्याच्या नोंदी गोळा करून प्रमाणाच्या चढत्या क्रमाने लावल्या. शंभरातली दहावी नोंद जिथे येते ती खालची रेषा, पन्नासावी येते ती वरची. खालच्या रेषेखाली इजा क्वचित, वरच्या रेषेच्या वर वारंवार, असा अंदाज. शिशासाठी या रेषा ४६.७ आणि २१८, निकेलसाठी २०.९ आणि ५१.६. आता मागे जाऊन बघा: सरासरी शेलमधलं निकेल ६८! म्हणजे माणसाचा हात न लागलेला खडकही या पट्टीने ‘वारंवार इजा’ करणारा ठरतो. या रेषा निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. कुठे अधिक तपास करायचा हे ठरवायला त्या चांगल्या आहेत. पण निकेल-क्रोमियमच्या बाबतीत गोव्यात केवळ त्यांच्या आधारावर कुणी घबराट पसरवू नये, आणि शिसं खालच्या रेषेखाली आहे म्हणून कुणी हात झटकूही नयेत. आपल्याकडे किनाऱ्याच्या पाण्याचे एसडब्ल्यू-१ ते एसडब्ल्यू-५ असे वर्ग ठरवलेले आहेत, गाळासाठी मात्र अहवाल अशा परदेशी पट्ट्यांवर विसंबतात. इथल्या मातीची, इथल्या जीवांवर पारखलेली पट्टी हवी.

ती मिळवायची कशी? चिखलात खोल जाऊन. आडोशाच्या जागी लांब नळी सरळ रोवून काढली की गाळाचा अखंड स्तंभ येतो. तो एकेक-दोनदोन सेंटिमीटरच्या चकत्यांत कापतात. प्रत्येक चकतीचं वय काढायला शिसे-२१० हा किरणोत्सारी अणू उपयोगी पडतो. हवेतल्या रेडॉन वायूपासून तो बनतो, पाऊस-धुळीबरोबर खाली येतो, गाळात पुरला जातो आणि सुमारे २२ वर्षांत निम्मा होतो. किती उरला यावरून साधारण शंभर-सव्वाशे वर्षांपर्यंतचं वय लावता येतं. जोडीला सीझियम-१३७ असतं. अणुचाचण्यांमुळे १९६३ च्या सुमारास त्याचा शिखर-थर तयार झाला. समजा वर्षाला अर्धा सेंटिमीटर गाळ बसतो, तर १९५० चा थर आज सुमारे ३७ सेंटिमीटर खाली असेल. त्याच्याखालचा गाळ ही त्या जागेची खरी नैसर्गिक पातळी, खाणकामाने वेग घेण्याआधीची. आणि वर येताना २०१२ च्या आसपास काही बदललं का, हेही तिथेच दिसायला हवं. चिंबोऱ्यांनी, किड्यांनी चिखल उकरून थर मिसळलेले असतात, जिथे ड्रेजिंग, म्हणजे यंत्राने तळ उपसणं, झालं तिथे थरच नसतात, म्हणून जागा विचारपूर्वक निवडावी लागते. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावलला आहे, ताळगावला गोवा विद्यापीठ आहे. असं काम करणारी माणसं शोधायला गोव्याला लांब जावं लागत नाही.

धातू आहे, पण मोकळा आहे का?

क्रोमियम क्रोमाइट खनिजाच्या स्फटिकात कैद असेल तर तो किड्याच्या पोटातून जाऊनही तसाच बाहेर येतो. तोच धातू कणाच्या पृष्ठभागावर सैल चिकटलेला असेल तर पाण्याचा खारेपणा जरा बदलला तरी सुटतो. म्हणून गाळ पायरीपायरीने विरघळवतात. आधी सौम्य क्षारद्रावणात, मग सौम्य आम्लात, मग लोखंड-मँगनीजचे गंज विरघळवणाऱ्या द्रावणात, मग सेंद्रिय पदार्थ आणि गंधकाची संयुगं तोडणाऱ्यात, शेवटी स्फटिकही फोडणाऱ्या तीव्र आम्लात. पहिल्या दोन पायऱ्यांत एकूण धातूचा ३० टक्क्यांहून जास्त भाग सुटला तर धोका मोठा मानतात. याच कारणाने, अहवालात गाळ कोणत्या आम्लात विरघळवला हे लिहिलेलं असलंच पाहिजे. हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरलं की स्फटिकातलंही मोजलं जातं, नाही वापरलं तर आकडा कमी येतो. दोन अहवालांची तुलना करताना हे बघितलं नाही तर सगळंच चुकतं.

यातली तिसरी पायरी गोव्यासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे. लोह खनिजाची धूळ स्वतः फार विषारी नसते, पण लोखंड-मँगनीजचा गंज इतर धातूंना धरून ठेवतो. गाळात प्राणवायू आहे तोवर हे धरणं पक्कं. खारफुटीच्या मुळाशी किंवा सांडपाणी येतं तिथे थोडं खाली गेलं की चिखल काळा होतो, सडक्या अंड्यांचा वास येतो. तिथे प्राणवायू संपलेला असतो. अशा ठिकाणी गंज विरघळतो आणि धरलेले धातू मोकळे होतात. त्यातले बरेचसे तिथल्याच गंधकाशी जोडून पुन्हा बांधले जातात. मग कुणी तो काळा चिखल उपसून वर आणला, त्याला हवा लागली, की गंधकाचं बंधन तुटतं आणि धातू पाण्यात येतात. वर्षानुवर्षं शांत पडलेला चिखल उपसल्यावर पाणी बिघडतं, ते यामुळे.

शेवटी साक्ष जीवांचीच. रसायन, विषारीपणाची चाचणी आणि तळाला राहणाऱ्या जीवांची गणती, या तिन्ही एकत्र असल्याशिवाय निकाल देऊ नये, ही पद्धत १९८० च्या दशकापासून रूढ आहे. नमुन्याच्या गाळात छोटे कवचधारी जीव दहा दिवस ठेवून किती जगतात ते बघतात. तळाच्या चिखलात अनेक जातींचे किडे, शिंपले, खेकडे थोडे थोडे सापडले तर बरं लक्षण. जाती गळून कॅपिटेलासारखा एखादाच किडा हजारोंनी माजला तर सेंद्रिय घाण वाढली आहे. तिसऱ्यो, खुबे, शिनाणे, कालवं आपण खातो. त्यांच्या मांसातले धातू वेगळे मोजावे लागतात, गाळाच्या आकड्यावरून ते ठरवता येत नाहीत. मोजण्याआधी त्यांना स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवून पोट रिकामं करून घ्यावं लागतं, नाहीतर मांसाऐवजी पोटातला चिखलच मोजला जातो.

ड्रेजिंगच्या अहवालात एक गोष्ट मात्र हटकून विचारा: नमुने किती खोलवरून घेतले? होडीतून टाकलेला ग्रॅब, म्हणजे गाळ उचलणारा पंजा, वरचे काही सेंटिमीटर खरवडून आणतो. ड्रेजर मीटर-दोन मीटर उपसतो. वरचा थर अलीकडचा, खाणी थांबल्यानंतरचा, बंदीनंतरच्या रंगांचा, म्हणून बऱ्यापैकी स्वच्छ असू शकतो. जिथे आधी ड्रेजिंग झालेलं नाही तिथे बार्जांच्या भरभराटीची वर्षं आणि ट्रायब्युटिल-टिनचा जमाना त्याच्या खाली पुरलेला असतो. जेवढं खोदणार तेवढ्या खोलीपर्यंतचे स्तंभ काढून, थरवार मोजून, मगच तो गाळ कुठे टाकायचा हे ठरवायला हवं. तसं केलेलं नसेल, तर त्या तक्त्यातले आकडे जो गाळ उपसला जाणार आहे त्याचे नाहीतच.